कॅम्परव्हॅनमध्ये रेडिओ आणि गाण्यांची सोय: काय बसवावं, काय टाळावं?

घाटवेडा (मुलुंड)

नमस्कार मंडळी. मी आणि धाकट्या भावाने मिळून फोर्स ट्रॅव्हलर घेतली आहे आणि भिवंडीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये तिची कॅम्परव्हॅन करायचं काम चालू आहे. चौघांची झोपायची सोय, छोटा ओटा, १२ व्होल्टचा फ्रिज, टपावर सोलर. पाण्याच्या टाकीपासून पडद्यांपर्यंत सगळं ठरलं, घोडं अडलंय ते गाण्यांवर.

फॅब्रिकेटर म्हणतो, पुढे दहा इंची अँड्रॉइड सेट, चार स्पीकर, सीटखाली सबवूफर, मागे टीव्ही आणि साउंडबार, "सगळं एका रिमोटवर साहेब". सासऱ्यांना आकाशवाणी हवी, त्यातही पुणे केंद्राच्या सात-पाचच्या बातम्या चुकता कामा नयेत. लेकीला स्पॉटिफाय. बायको म्हणते, काहीही लावा, पण समुद्रावर गेल्यावर लाटा ऐकू आल्या पाहिजेत.

घाई एवढ्यासाठी की पुढच्या आठवड्यात आतून फोम आणि प्लाय लागणार. एकदा भिंती बंद झाल्या की वायर ओढायची म्हणजे पुन्हा फोडाफोड. बजेट सगळं धरून चाळीसएक हजार. फिरणं मुख्यतः कोकण किनारा, जोडून सुट्टी आली तर लांब. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

निवांत_डोंबिवली

खुर्ची टाकून बसलोय. आमचंही स्वप्न हेच आहे, फक्त अजून पार्किंग मिळत नाहीये.

सोल्डरकाका

घाटवेडा, अभिनंदन. फॅब्रिकेटरचं "सगळं एका रिमोटवर" आधी डोक्यातून काढा.

गाडी चालताना ऐकायची गाणी आणि मुक्कामाला ऐकायची गाणी ही दोन वेगळी कामं आहेत. चालताना इंजिन, टायर, वारा यांचा आवाज असतो, सेट ड्रायव्हरच्या हाताशी लागतो आणि वीज अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरणारा जनरेटर देतो. मुक्कामाला सगळं शांत, ऐकणारे मागे किंवा बाहेर खुर्च्या टाकून, आणि वीज जाते ती साठवलेली. दोन्ही कामं एका सेटवर ढकलली की सकाळी गाडी चालू होत नाही, हे ठरलेलं.

कारण सांगतो. सेटच्या मागे तीन मुख्य वायर असतात. पिवळी म्हणजे बॅटरीतून कायम चालू. घड्याळ आणि सेव्ह केलेली स्टेशनं तीवर टिकतात. लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट. काळी अर्थिंग. वर्कशॉपवाले सवयीने हे सगळं गाडीच्या स्टार्टर बॅटरीवर, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर जोडतात. घरच्या कारमध्ये ठीक आहे, तुम्ही उतरता आणि चावी काढता. कॅम्परमध्ये संध्याकाळी पत्ते खेळताना चावी अर्धी फिरवून सेट चालू राहतो. नुसत्या सेटचा खर्च फार नाही, बेताच्या आवाजात एक-दीड अँपिअर. पण सबवूफरचा अँप्लिफायर जोडला की हिशेब बदलतो, आणि स्टार्टर बॅटरी असं हळूहळू पिळून घेण्यासाठी बनलेलीच नसते.

तेव्हा पिवळी आणि लाल दोन्ही फ्रिज-दिवे चालवणाऱ्या वेगळ्या, मागच्या बॅटरीवर घ्या. लालवर डॅशबोर्डला एक रॉकर स्विच. बॅटरीजवळ १० अँपिअरचा फ्यूज. काळी वायर पत्र्याला कुठेतरी स्क्रू मारून सोडू नका, जिथून प्लस घेतला त्याच बॅटरीच्या मायनस बसबारवर (वायरी एकत्र जोडायची पट्टी) परत आणा. याचा आणखी एक फायदा आहे. स्टार्टर मारताना गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर दाणकन पडतं आणि अँड्रॉइड सेट बंद होऊन पुन्हा बूट होत बसतो. मागच्या बॅटरीवर असेल तर त्याला पत्ताही लागत नाही.

ओव्हरटाइम_ठाणे

काका, मागची बॅटरी फ्रिजलाच पुरत नाही, तिथे गाण्यांचं ओझं कशाला?

सोल्डरकाका

१०० अँपिअर-अवरची लिथियम धरा. चार तास बेताने गाणी ऐकली तर पाच-सहा अँपिअर-अवर गेले. फ्रिजचा कॉम्प्रेसर दिवसभरात त्याच्या कितीतरी पट खातो. गाण्यांनी बॅटरी मरत नाही, गाण्यांसाठी इन्व्हर्टर चालू ठेवल्याने मरते. साउंडबार २३० व्होल्टवर चालतो म्हणून इन्व्हर्टर चालू, आणि मोठा इन्व्हर्टर काहीही न जोडता नुसता जागा राहिला तरी करंट पीत बसतो. म्हणून मागे जे काही लावाल ते थेट १२ व्होल्टवर किंवा यूएसबीवर चालणारं घ्या. साउंडबारला माझा पूर्ण विरोध.

केळशीची_माहेरवाशीण

रेडिओबद्दल लिहिते, कारण सगळे स्पीकरकडे वळतील आणि तुमच्या सासऱ्यांचं राहूनच जाईल.

मुंबईचं एफएम मुंबईपुरतं. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की संपलं. गोवा हायवेला पेण-नागोठण्याच्या पुढे खरखर सुरू होते. पुण्याच्या बाजूला तर गंमतच: ९८.३ आणि ९१.१ या फ्रीक्वेन्सी मुंबईतही त्याच कंपन्यांच्या आणि पुण्यातही. त्यामुळे बोरघाटात एका वळणावर अंधेरीच्या ट्रॅफिकची बातमी येते आणि पुढच्या वळणावर स्वारगेटची. सेट बिघडला म्हणून कोणी तक्रार करू नये.

मीडियम वेव्हचं, म्हणजे सेटवरच्या एएमचं, वेगळं. त्या लहरी जमिनीला धरून लांब जातात आणि रात्री वरच्या वातावरणातून परावर्तित होऊन आणखी लांबची केंद्रं आणून देतात. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर आहे, खाली उतरलात की आकाशवाणी रत्नागिरी आहे. पण हल्लीच्या बऱ्याच अँड्रॉइड सेटमध्ये मीडियम वेव्ह एकतर नसतेच किंवा नावापुरती असते. दुकानात "रेडिओ आहे का" असं विचारलंत तर हो म्हणतील. "एएम लावून दाखवा" म्हणा.

आणि सासऱ्यांना एक साधा हातातला ट्रान्झिस्टर घेऊन द्या, पेन्सिल सेलवर चालणारा. फक्त तो गाडीच्या आत बसून ऐकायचा नाही. पत्र्याच्या डब्यात मीडियम वेव्ह शिरत नाही. खिडकीत ठेवा किंवा बाहेर टेबलावर. आत फेराइटची कांडी असते, ती दिशा धरते. रेडिओ आडवा-उभा फिरवत राहायचं, एका ठिकाणी आवाज एकदम स्वच्छ होतो. माझे वडील केळशीला पडवीच्या कठड्यावर रेडिओ असाच तिरका ठेवायचे आणि कोणी पुसायला म्हणून सरळ केला तर घर डोक्यावर घ्यायचे.

घाटवेडा

हे भारी आहे, ट्रान्झिस्टरचं डोक्यातच नव्हतं. पण सात-पाचच्या बातम्या मोबाइलवर न्यूजऑनएअर ॲपवरही येतात ना?

केळशीची_माहेरवाशीण

येतात. प्रसार भारतीचं ॲप आहे, आकाशवाणीच्या दोनशेहून जास्त वाहिन्या त्यावर आहेत आणि डेटाही फार जात नाही. रेंज असेल तर उत्तमच. पण किनाऱ्यालगतची गावं खाडीच्या आणि डोंगराच्या मध्ये बसलेली असतात. वर सड्यावर चार काड्या, खाली देवळापाशी शून्य. बातम्यांच्या वेळेला सासरे खाली असणार.

बेसुर_बांद्रा

सबवूफर नको म्हणणाऱ्या काकांशी मी असहमत. सहा-साडेसहा इंची स्पीकरमधून ढोलकी-पखवाज नीट येतच नाही. सीटखाली बसणारा चपटा अँप्लिफाइड सब मिळतो, जागा खात नाही. ज्याला गाणं कळतं त्याला खर्ज हवाच.

सोल्डरकाका

सब नको असं नाही म्हटलं, स्टार्टर बॅटरीवर नको म्हटलं. पण आधी स्पीकर कुठे बसणार ते बघू. कॅम्परची भिंत किती जाड? फोम आणि प्लाय धरून जेमतेम दीड इंच. साध्या साडेसहा इंची स्पीकरला मागे साधारण अडीच इंच खोली लागते. मग फॅब्रिकेटर काय करतो, वरच्या कपाटाच्या तळाला भोक पाडून स्पीकर खाली तोंड करून बसवतो. त्याच कपाटात स्टीलच्या ताटल्या. पहिलं गाणं लागलं की ताटल्या ताल धरतात.

वरच्या कपाटात बसवायचाच असेल तर स्पीकरच्या मागे बंद प्लायची पेटी करून घ्या, झाकणांना फोमची पट्टी लावा. नाहीतर बोटींसाठीचे कमी खोलीचे स्पीकर मिळतात ते भिंतीत बसवा. ते दमट, खारट हवेतही टिकतात. तुम्ही किनाऱ्यावर जाणार आहात, म्हणून वायरसुद्धा कथिलाचा मुलामा असलेली घ्या आणि जोडांवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसत्या टेपखाली हिरवा गंज चढायला एक पावसाळा पुरतो.

आणि खोक्यावरच्या वॅटला भुलू नका. सेटवर "४ × ५५ वॅट" लिहिलेलं असतं, तो क्षणिक कमाल आकडा. सलग देतो ते चॅनलमागे पंधरा-वीस वॅट. स्पीकर निवडताना खोक्याच्या मागे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक विजेवर किती आवाज देतो, किती डेसिबल ते वाचा. तीन डेसिबल जास्त असेल तर तेवढ्याच आवाजाला निम्मी वीज लागते. घरात हे कोणी बघत नाही, बॅटरीवर राहणाऱ्याने बघायलाच हवं.

नाहूरचा_नाना

खरेदीसाठी: सेट आणि स्पीकर ऑपेरा हाऊसच्या कार ॲक्सेसरीजच्या दुकानांत बघा, लावून ऐकता येतात. वायर, फ्यूज होल्डर, फेराइट क्लिप (वायरीवर बसणारी, खरखर रोखणारी), आयएसओ कपलर (वायर न कापता सेट जोडायचा जोड) हे लॅमिंग्टन रोडला. सीएसटी रोडला, कलिना-कुर्ला पट्ट्यात, स्वस्त पडेल पण तिथे माल ओळखता आला पाहिजे. बिलाशिवाय काही घेऊ नका.

कंपनीच्या सेटचा सॉकेट कापू देऊ नका, हे फॅब्रिकेटरला लेखी सांगा. कपलर लावला की मूळ वायरिंग शाबूत राहतं आणि वॉरंटीवरून वाद होत नाही.

ओव्हरटाइम_ठाणे

नाना, सेटचं माप सिंगल डिन घ्यावं की डबल?

नाहूरचा_नाना

डॅशबोर्डला जागा असेल ते. सिंगल डिनचं तोंड १८० बाय ५० मिलिमीटर, डबल त्याच्या दुप्पट उंच. माझं मत सिंगल, खरी फिरणारी बटणं असलेला. कशेडीच्या वळणांवर टचस्क्रीनवर आवाज कमी करायला गेलं की बोट भलतीकडेच पडतं.

फॅब्रिकेटर आणखी एक "सेवा" देऊ करेल, ती घेऊ नका. व्हिडिओ फक्त हँडब्रेक ओढल्यावर दिसावा यासाठी सेटला एक वायर असते, ती ते कायमची अर्थिंगला जोडून देतात, म्हणजे गाडी चालतानाही पुढे सिनेमा चालू. साफ नाही म्हणा.

अरण्यऋषी_नाही

राग मानू नका, पण मुंबईच्या गोंगाटातून सुटायला कोकणात जायचं आणि तिथे सबवूफर लावायचा? मागच्या महिन्यात गुहागरच्या बाजूला आमच्या शेजारी एक व्हॅन लागली होती. मध्यरात्रीपर्यंत धाड धाड. गावातला एक म्हातारा काठी टेकत येऊन विनंती करून गेला तेव्हा कुठे बंद केलं.

बेसुर_बांद्रा

आवाज कमी ठेवून ऐकणारेही असतात हो. खर्ज म्हणजे धिंगाणा नव्हे.

केळशीची_माहेरवाशीण

दोघांचंही बरोबर. नियम तरी लक्षात असू द्या: ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. गंमत अशी की विविध भारतीवर छायागीत रात्री दहालाच सुरू होतं. ते ट्रान्झिस्टरवर, कानाशी.

बाहेर ऐकायला गाडीच्या बाहेरच्या अंगाला स्पीकर बसवून घेऊ नका, फॅब्रिकेटर ते सुचवतोच. पावसाचं पाणी आत यायला नवं भोक आणि गावकऱ्यांचा रोष, दोन्ही विकत घ्याल. त्यापेक्षा पाणी सहन करणारा छोटा ब्लूटूथ स्पीकर खुर्च्यांच्या मधोमध ठेवा. आवाज ऐकणाऱ्यांजवळ असला की मोठा करावा लागत नाही. वहिनींच्या लाटाही ऐकू येतील.

घाटवेडा

हे पटलं. आता लेकीचा प्रश्न. रेंज नसेल तर स्पॉटिफायचं काय?

पॉडकास्ट_पनवेल

प्रीमियम घ्यावं लागेल, फुकटच्या खात्यात गाणी उतरवून ठेवता येत नाहीत. प्रीमियममध्ये एका फोनवर १०,००० गाण्यांपर्यंत उतरवता येतात, एकूण पाच उपकरणांवर. अट एकच, ३० दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, नाहीतर उतरवलेलं उडतं. निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून घ्यायला सांगा. व्हॅनमध्ये बसल्यावर आठवलं तर सगळ्यांचा हॉटस्पॉट तीच खाते.

मी स्वतः पेनड्राइव्हवाला आहे. ३२ जीबीवर चांगल्या दर्जाची अडीच हजार गाणी बसतात, रेंज लागत नाही, मासिक पैसे नाहीत. फक्त ड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटमध्ये हवा. मोठे ड्राइव्ह दुसऱ्या फॉरमॅटमध्ये येतात आणि सेट "नो फाइल" म्हणतो. गाण्यांच्या नावांपुढे आकडे टाका, नाहीतर काकड आरती आणि रॅप शेजारी-शेजारी येतात. आमच्याकडे आले आहेत.

निवांत_डोंबिवली

सारेगामाचं कारवाँ कसं? आईकडे आहे. २०१७ साली आलं तेव्हापासून तिला दुसरं काही नको.

पॉडकास्ट_पनवेल

ज्येष्ठांसाठी झकास. गाणी आतच भरलेली, चार्ज होतं, फोन लागत नाही. मराठी गाण्यांचंही मिळतं. पण आकाशवाणीसाठी त्याच्यावर विसंबू नका, घ्याल त्या मॉडेलमध्ये एएम आहे का ते बघा.

डिशवाले_विक्रोळी

टीव्हीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. डीडी फ्री डिशला मासिक भाडं नाही आणि त्यावर टीव्हीबरोबर आकाशवाणीच्या वाहिन्याही येतात. म्हणजे रेंज नसलेल्या गावातसुद्धा डिशवर रेडिओ! उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. मुंबई-अलिबागकडून डिशचं तोंड आग्नेयेला आणि नजर क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर. टपावर कायमची बसवू नका, घाटात वारा लागतो. तिकाटण्यावर सुटी ठेवा, लांब केबल घ्या, म्हणजे गाडी सावलीत आणि डिश उन्हात. माडांखाली लावलीत तर काही दिसणार नाही, झावळी हलली की चित्र गोठतं.

सेट-टॉप बॉक्स बहुतेक १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो, पण थेट बॅटरीला जोडू नका. चार्ज होताना बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत जाते. मध्ये १२ व्होल्टचा रेग्युलेटर घाला.

ओव्हरटाइम_ठाणे

एक अनुभव विचारतो. मित्राच्या व्हॅनमध्ये मुलुंड चेकनाक्यावरसुद्धा एफएम खरखरतं. सेट ब्रँडेड, नवा. वर्कशॉपवाला म्हणतो, सोलरमुळे होतं, सोलर काढा.

सोल्डरकाका

सोलर काढायला सांगणाऱ्याला नमस्कार करा आणि हे करून बघा.

गाडी बंद. सेट चालू, स्टेशन लावा. आता एक-एक वस्तू बंद करत जा: सोलर कंट्रोलर, फ्रिज, एलईडी पट्ट्या, इन्व्हर्टर, यूएसबी चार्जर. जे बंद केल्यावर खरखर गेली तो चोर. बहुधा स्वस्तातले यूएसबी चार्जर आणि एलईडीला वीज पुरवणारे ड्रायव्हर असतात. त्या वायरीवर फेराइट क्लिप चढवा, अँटेनाची केबल त्यांच्यापासून लांबून न्या. एफएमपेक्षा एएमला याचा त्रास कितीतरी जास्त.

काहीच बंद करून फरक पडत नसेल तर अँटेना. सेटच्या मागची निळी वायर बघा. हल्लीच्या शार्क-फिन अँटेना बुटक्या असतात आणि त्यांच्या बुडाशी छोटा अँप्लिफायर असतो, त्याला या निळ्या वायरीतून १२ व्होल्ट मिळतात. बसवणारे ती टेप लावून सोडून देतात. मग अँप्लिफायर उपाशी आणि नावं सोलरला. मित्राला सेट बाहेर ओढून बघायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.

इंजिनबरोबर चढणारी-उतरणारी शिटी येत असेल तर तो वेगळा रोग, अर्थिंगचा. त्याला वर सांगितलेली बसबारची काळी वायर.

ओव्हरटाइम_ठाणे

काका, निळी वायर खरंच टेपमध्ये गुंडाळलेली निघाली. जोडल्यावर स्वच्छ. मित्र तुम्हाला मिसळ देणं लागतो.

घाटवेडा

सर्वांचे आभार. फॅब्रिकेटरला आज कळवलं ते असं:

पुढे बटणांचा सिंगल डिन सेट, एएम लावून बघून घेतलेला, मागच्या बॅटरीवर, वेगळा स्विच. पुढे दोन दारांत स्पीकर, मागे बोटींसाठीचे दोन. फेडरने (पुढच्या-मागच्या आवाजाचं बटण) पुढचे बंद करता येतील. सबवूफर आत्ता नाही, पण त्याची वायर भिंतीत घालून ठेवायची (बेसुर, खूश?). साउंडबार रद्द, त्या जागी १२ व्होल्टचा एक सॉकेट आणि दोन यूएसबी. डिशसाठी मागच्या दाराजवळ केबलचा एक पॉइंट. सासऱ्यांचा ट्रान्झिस्टर त्यांनी स्वतः जाऊन आणला, माझ्यावर विश्वास नाही.

फॅब्रिकेटर नाराज आहे. आता फक्त अँटेना उरली. टप मूळचा पत्र्याचा, पण स्वयंपाकाच्या जागेवर उंची वाढवून फायबरचा भाग केलाय. तो म्हणतो, अँटेना फायबरवर लावतो, तिथे भोक पाडायला सोपं.

सोल्डरकाका

सोपं त्याला. अँटेनाच्या खाली पत्रा लागतो, तो तिच्या अर्ध्या अंगाचं काम करतो. फायबरवर लावायचीच असेल तर आतून पत्र्याचा तुकडा चिकटवून त्याला अर्थिंग द्यावं लागेल. त्यापेक्षा पुढे, ड्रायव्हरच्या वरच्या पत्र्यावर घ्या. जमलं तर शार्क-फिन सोडून साधी उभी काडी, पाऊण मीटरच्या आसपास. एफएमसाठी तीच लांबी बरोबर बसते. स्प्रिंगवाली घ्या, झाडाच्या फांद्यांना वाकेल.

नाहूरचा_नाना

आणि भोक पाडायच्या आधी सोलर पॅनल टपावर ठेवून, खडूने खुणा करून बघा. काडीची सावली दुपारी पॅनलवर पडता कामा नये, आणि मान्सूनच्या आधी भोकाभोवतीचं सीलंट एकदा पाइपने पाणी मारून तपासा. आतून एकाने टॉर्च घेऊन बघत राहायचं.

घाटवेडा

शनिवारी सकाळी वर्कशॉपला जातोय, खडू आणि टेप घेऊन. काका, तुम्ही ठाण्यातच असाल तर येता का? मिसळ माझ्याकडून.

सोल्डरकाका

येतो. मल्टिमीटर माझा, तिखट कमी सांगा.